टेबलावरची वाडी

यशोधरा कामावरून घरी आली तेव्हा आई टेबलासमोर उभी होती आणि तिचे दोन्ही तळहात त्याच्या रिकाम्या लाकडावरून इकडून तिकडे फिरत होते… एखादं हरवलेलं लेकरू अंधारात चाचपावं तसे.

"यशू, माझा हात चुकतोय का गं?" गंगूबाईंनी विचारलं. "विहीर लागत नाही. आंबा लागत नाही. आपली वाडी कुठं गेली?"

यशोधराच्या खांद्यावरची पिशवी गळून खाली पडली. त्या टेबलावर एका सुट्या फळीवर गेलं वर्षभर तिने वाडी उभी केली होती. थर्माकोलचे थर तासून केलेला डोंगर, प्लास्टरची पायवाट, जुन्या वायरींतल्या तांब्याच्या तारा पिळून केलेली झाडं, रंगवलेल्या भुशाचं गवत आणि उतारावर एकमेकांना धरून बसलेली घरं. आता तिथे फक्त फेविकॉलचे वाळलेले डाग होते!

घराची दुसरी किल्ली फक्त वेगळं राहणाऱ्या धाकट्या भावाकडे, सम्यककडे होती. त्याला फोन लावला तर तो हसतच बोलला. ऑफिसातल्या साहेबांच्या घरी रविवारी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचा मोठा डाव होता, त्यांना टेबलावर मांडायला एक भारतीय गाव हवं होतं, मित्राची गाडी दुपारी रिकामी होती आणि आई झोपली होती म्हणून उठवलं नाही. उद्या संध्याकाळी परत आणतोच, असं सांगून त्याने फोन ठेवला. विचारायला हवं होतं, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

त्या रात्री यशोधरा जेवली नाही. संताप तिच्या छातीत निखाऱ्यासारखा धुमसत राहिला. सम्यक चालायलाही शिकला नव्हता तेव्हा धरणाचं पाणी चढलं आणि डोंगराकडची त्यांची वाडी त्यात बुडाली. आईवडील दोन पोरांना घेऊन बदलापुरात, कुळगावात भाड्याच्या खोलीत आले. पुढे वडील गेले. यशोधरा तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. धाकट्याचं शिक्षण थांबू नये म्हणून तिने आपलं थांबवलं आणि उल्हासनगरला लालवाणीशेठच्या कारखान्यात लागली. बोटाएवढे सैनिक मांडून टेबलावर लढाया खेळणारी माणसं परदेशात असतात, त्यांच्यासाठी तिथे डोंगर, पूल आणि पडकी घरं बनत. अंबरनाथच्या एका स्थळाने होकार दिला होता, तोही तिने परतवला… सम्यकची शेवटची परीक्षा बाकी होती म्हणून. हे सगळं तिने हसतमुखाने केलं होतं आणि त्याचा उच्चारही कधी केला नव्हता.

मग आईच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. प्रकाश विझत चालला तसं आई वारंवार एकच म्हणू लागली, की वाडी आता आठवणीतही नीट दिसत नाही. तेव्हा यशोधराने ते टेबल मांडलं. आई सांगायची, ती घडवायची. आई बोटांनी तपासायची, चुकलं की ती मोडून पुन्हा करायची. रोज दुपारी आई हातांनी वाडीत जाऊन यायची. एवढं एकच सुख त्या माउलीला उरलं होतं!

रविवारी संध्याकाळी सम्यक आला. फळी टेबलावर ठेवताना तो उत्साहाने सांगत होता, की साहेब बेहद्द खूश झाले, पुढच्या प्रोजेक्टला आपल्यालाच घेणार आहेत. यशोधराचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वाडीकडे बघत होती. आंबा मुळातून उपटला होता. घरांच्या भिंतींवर काळा रंग फासला होता, आणि उताराच्या टोकाचं त्यांचं स्वतःचं घर… त्याचं छप्पर खरोखर मेणबत्तीवर धरून वितळवलं होतं.

"हे काय केलंस?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"अगं ताई, लढाई होती ना. साहेब म्हणाले, गाव जळालेलं दिसलं तर मजा येईल." तिचा चेहरा पाहून तो बावरला. "एवढं काय त्यात? तू पण शेठकडे रोज जळकी घरंच बनवतेस ना?"

"बनवते," यशोधरा म्हणाली. "रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी लोकांसाठी गावं जाळते, सम्यक. त्यावर तू शिकलास. घरी आल्यावर निदान एक गाव धड उभं राहावं, एवढंच मी माझ्यासाठी मागितलं होतं. तेही तू साहेबाला नेऊन दिलंस."

तो काही बोलणार तोच आतून भिंत धरत धरत आई आली. वाडी परत आली, या आनंदाने तिचा चेहरा उजळला होता. कुणी थांबवण्याआधीच तिचे हात फळीवर टेकले. बोटं पायवाटेने चढू लागली, विहिरीपाशी घुटमळली, आंब्याच्या जागी नुसता खड्डा लागला तशी थबकली आणि मग टोकाच्या घरावर गेली. वितळून घट्ट झालेल्या छपरावरून तिने अंगठा पुन्हा पुन्हा फिरवला.

"हे कुणी जाळलं?" गंगूबाईंनी विचारलं.

सम्यकने बहिणीकडे पाहिलं. लहानपणापासून त्याच्या प्रत्येक चुकीवर ताईने पांघरूण घातलं होतं; आताही ती म्हणेल, आई, माझ्या हातून झालं… यशोधराला ते वाक्य ओठांवर आलेलं जाणवलं. तिने ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा ती भावासाठी खोटं बोलली नाही.

"त्याला विचार," ती म्हणाली.

"मी, आई," सम्यक म्हणाला. "मला वाटलं, असंच कुठलंतरी गाव आहे."

आई रागावली नाही. तिने चाचपत त्याचं मनगट धरलं आणि त्याची बोटं त्या काळ्या छपरावर ठेवली.

"तुझा जन्म या घरात झाला," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी मी अंगण सारवून निघाले होते. आपलं घर पाण्यात गेलं, पोरा… जळलं नव्हतं रे."

सम्यक मटकन खाली बसला. एवढा मोठा झालेला तो मुलगा टेबलाच्या पायाला डोकं टेकून हुंदके देऊ लागला. आईचा हात त्याच्या केसांवर गेला, पण यशोधरा जागची हलली नाही. त्याच्या अश्रूंनी तिचा राग विझला नव्हता. इतक्या वर्षांचा राग इतक्या लवकर विझणारही नव्हता. ती त्याला रडू देत उभी राहिली. हुंदके ओसरल्यावर त्याने मान वर करून हळूच विचारलं, ताई, हे परत पहिल्यासारखं होईल का?

"पहिल्यासारखं नाही होणार." तिने खणातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून त्याच्यापुढे टाकला. "ऊठ. भिंतींवरचं काळं घासून काढ. हळू, आतला रंग निघता कामा नये. छप्पर नवीन लागेल, ते तू करायचंस. मी करणार नाही."

तो उठला. त्याने पहिली भिंत घासायला घेतली, आणि आई शेजारी बसून त्याला सांगू लागली, की ही धोंडीकाकाची भिंत, हिच्या पलीकडे बनूबाई राहायची, तू तिच्याच अंगणात रांगायला शिकलास. यशोधरा काही वेळ पाठ फिरवून उभी होती. मग तिने खुर्ची ओढली, भावाच्या समोर बसली, आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता तारा पिळून नवा आंबा करायला घेतला.