आतोबांचा छ

यात जे खोटं आहे ते मी बोललोय. बाकी सगळं जसं घडलं तसंच सांगतोय, शप्पथ.

मागच्या आठवड्यातली दुपार. आमचं पाट्या छापायचं दुकान. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर वर्दळ होती.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, पेंटर होते. गावभर त्यांनी ब्रशने रंगवलेल्या पाट्या. पण आत्याच्या स्वतःच्या शिलाईच्या दुकानाला पाटीच नाही! तिने विषय काढला की यांचं उत्तर ठरलेलं, "करतो गं, सवडीने."

गेल्या वर्षी आतोबा गेले. पाटी राहिली ती राहिलीच.

"त्यांच्या अक्षरात माझं नाव करून दे रे," आत्या म्हणाली. "एवढं एकच मागते."

मी गावभर फिरलो. पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर उचललं आणि आतोबांच्या हाताचा फॉन्ट बनवला. फक्त एक अक्षर कुठेच मिळेना.

छ.

आणि आत्याचं नाव नेमकं छ पासून सुरू होतं.

शेवटी त्यांच्याच दोन-तीन अक्षरांचे तुकडे जोडून मी एक छ उभा केला. आत्याला मोबाईलवर पाठवला. लगेच तिचा फोन आला. आवाज भरून आलेला.

"हा त्यांनी कुठे लिहिला होता रे?"

खरं सांगायला काय धाड भरली होती मला?

"बर्फाच्या बंद कारखान्याच्या मागच्या भिंतीवर," मी ठोकून दिलं.

ती भिंत मी बघितली होती. कोरी होती.

मग त्या दुपारी पाटी छापायला घेतली. आत्याचं नाव टाइप केलं...

छ च्या जागी रिकामा चौकोन.

होतं असं कधीकधी. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. तो नीट जोडला नसला की अक्षराऐवजी चौकोन येतो. मी तपासलं. नंबर बरोबर होता. फॉन्ट काढून परत टाकला, मशीन बंद करून चालू केलं.

चौकोनच.

आमच्याकडे एक जण आजारी कॉम्प्युटर बरे करतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने स्वतःच्या मशीनवर लावून बघितलं.

"कमाल आहे! बाकी सगळी अक्षरं येतात, हाच पेशंट रुसलाय. छ तुझ्या आतोबांचाच आहे ना?"

"त्यांचाच," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात...

टक. टक.

ब्रश डब्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज. नवं अक्षर सुरू करायच्या आधी आतोबा तसाच आपटायचे, जास्तीचा रंग गळायला.

आमच्या दुकानात ब्रश नाही. रंगाचा डबाही नाही.

"ऐकलंस?"

"काय?" डॉक्टर म्हणाला.

मग वास आला... टर्पेंटाइनचा. अगदी माझ्या पाठीमागून.

माझी मान वळेना. घाबरलो होतोच, पण खरं सांगू? लाज जास्त वाटली. चोरी करताना घरच्याच माणसाने पकडावं तशी. मी माझा छ फॉन्टमधून पुसून टाकला आणि आत्याला सगळं सांगायला निघालो.

तिच्या दुकानात ती नव्हती. मशीनच्या सुईखाली कापड तसंच अडकलेलं. मी थांबलो. थोड्या वेळाने ती धापा टाकत आली.

"बघून आले रे!"

"काय?"

"भिंत!"

"आत्या, ऐक, मी तुला..."

"नुसता छ नाही, माझं अख्खं नाव आहे तिथे! आणि या माणसाने मला कधी पत्ता लागू दिला नाही." ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "तुझ्यामुळे कळलं. सुखी राहा रे बाळा."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. काहीतरी ओलं लागलं...

निळा रंग. तिच्या बोटांना. ताजा.

तिने केलेला चहा प्यायलो आणि मुकाट्याने परत आलो.

आता पाटी लागलीय. छ व्यवस्थित उमटला. मी पुसला होता, तरी उमटला. आणि तो माझा नाहीच. त्याचं ते झोकदार शेपूट मला सात जन्मांत जमलं नसतं. लोक येऊन माझी पाठ थोपटतात आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

आत्या सारखी म्हणते, "चल ना, तुला भिंत दाखवते."

मी गेलेलो नाही. भिंत कोरी असली तर? आणि नसली तर?

काल ती पुन्हा म्हणाली. शिवता शिवताच. माझ्या तोंडून निघून गेलं, "जाऊ गं, सवडीने."

मागून कुठून तरी...

टक. टक.

आत्याने मशीन थांबवून वर बघितलं. माझी मान खालीच होती.