तिसऱ्या खोलीचं सारवण

झाडलोट करणारी शकुन धावत आली तेव्हा गोदाबाई विहिरीवर घागर भरत होत्या.

"बाई, कमलाकांतभाऊ दार उघडून नाई रायले. कवाची हाका मारतो. कडी आतून हाये."

घागर तिथंच टाकून त्या निघाल्या.

सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मुंबईचे कारकून, दलाल अमरावतीत नुसते लोटले होते. डोकं टेकायला जागा मिळेना. अंजनगावच्या गोदाबाईंनी हे बरोबर हेरलं. नवऱ्यामागे राहिलेली काळी जमीन विकून त्यांनी कापूसबाजारामागची तीन खोल्यांची ओळ उत्तमराव व्यापाऱ्याकडून घेतली. घरमालकीण होणं काही त्यांच्या पिढीत कुणाला ठाऊक नव्हतं. मोरोपंत वकिलांनी सांगितलं तेवढं त्या शिकल्या. छप्पर पावसाआधी शाकारायचं, विहिरीचं पाणी चाखून बघायचं, भाडेकरूची चालरीत आधी पाहायची, भाडं मागून बोलायचं. आणि खोली रिकामी ठेवायची नाही.

तिसरी खोली मात्र रिकामी होऊ बघत होती. दोन भाडेकरू पळाले होते. भर दुपारी भिंतीत कुणीतरी धापा टाकतं, असं दोघंही सांगत. गोदाबाईंनी आधी हसण्यावारी नेलं. मग एकदा स्वतः कान लावला आणि त्यांनाही त्याच धापा ऐकू आल्या. तरी कमलाकांत टिकला होता. मुंबईच्या पेढीसाठी कापूस पारखणारा हा तरुण भुताखेतांची टिंगल करायचा.

चौकीवरून शिपायाला घेऊन आलेल्या खुशालराव जमादारांनी दार फोडलं.

खोलीत कुणी नव्हतं. वहाणा कोपऱ्यात होत्या, पगडी खुंटीला. खिडकी नव्हतीच. मागच्या भिंतीत छातीएवढं लाकडी कपाट होतं. जमादारांनी उंबऱ्यातूनच लांब काठीनं त्याचं किलकिलं दार ढकललं, तर आत घडी केलेली घोंगडी तेवढी दिसली. ते पाऊल टाकणार, एवढ्यात गोदाबाई सवयीनं म्हणाल्या, "थांबा जी, जमीन ओली हाये."

जमीन ताजी सारवलेली होती. दाराशी वाळत आली होती, आत गेलं की ओल वाढत होती. शेणात गुठळ्या राहिल्या होत्या, हाताच्या पट्ट्या वेड्यावाकड्या होत्या. पाऊल एकही उमटलेलं नव्हतं.

"सारवलं कोनं?" जमादारांनी विचारलं.

"मी नाई," शकुन म्हणाली. तिघांच्या खोल्या तीच सारवायची. "माहं सारवन असं अडानी नसते."

"मंग त्यायनंच सारवलं असन."

"त्यायनं? त्यायले झाडू कोन्या हातात धरतात तेबी मालूम नाई."

तोवर अंगणात गर्दी जमली. भुतानं नेला, असं जो तो कुजबुजू लागला. मागच्या गोदामातून उत्तमरावही आले. उंबऱ्याशी उभे राहून ते हळहळले.

"बाई, आता अशा रक्त सांडलेल्या खोलीत कोन राईन? एक गिऱ्हाईक भेटनार नाई तुमाले. मले परत द्या. मी काई तुमाले उघड्यावर पडू देनार नाई."

जमादार गोदाबाईंकडे वळले. "खोली तुमची, झाडलोट इच्या हाती. सांजेपर्यंत मानूस नाई भेटला, तं ओळीले मोहर लावतो अन् तुमाले दोघींले चौकीवर नेतो."

शकुन रडू लागली. गोदाबाईंची जमीन गेलीच होती, आता छप्परही जाणार आणि वर खुनाचा डाग. त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. एकदाच. पळून जावंसं वाटलं, पण नजर जमिनीवर खिळली होती, ती त्या पट्ट्यांवरून हळूहळू आत सरकत गेली.

"जमादारसाहेब," त्या एकदम म्हणाल्या. "तुमच्या घरी सारवते कोन?"

"माही बायको. काहून?"

"सुरू कोठून करते?"

"आतल्या भिंतीपासून. मांगं सरकत दारात येते अन् भायेर निंगते."

"तसं काहून?"

"नाईतं ओल्यात पाय नाई पडनार?"

"मंग हे पाहा. पयली पट्टी दारापाशी. दुसरी तिच्यावर चढली, तिसरी दुसरीवर. शेवटची कपाटापाशी, अन् तेथंच समद्यात जास्त ओलं. सारवनारा दारापासून मांगं मांगं कपाटात गेला. परत आला असता तं पाय उमटले असते."

लोक पुढे वाकून पट्ट्या बघू लागले.

"कपाटात मानूस मावते काय बाई?" उत्तमराव हसले.

"कपाटात नाई. कपाटातून. तुमचं गोदाम हाये ना त्या बाजूनं?" गोदाबाई उठल्या. "अन् उत्तमराव, रक्त सांडलं हे तुमाले कोनं सांगतलं? आमाले तं शेनाबिगर काईच नाई दिसलं."

उत्तमराव मागं सरकले, पण जमादारांच्या शिपायानं दंड धरला.

घोंगडी ओढली, मागची फळी ढकलली. ती गोदामात उघडली. कापसाच्या गठ्ठ्यांआड कमलाकांत पडला होता. हातपाय बांधलेले, तोंडात बोळा, डोकं फुटलेलं. श्वास चालू होता, टाच जमिनीवर घासत होती.

पाणी पाजल्यावर तो बोलला. उत्तमराव दुपारी गोदाम बंद करून गडीमाणसांकडून कापसावर पाणी शिंपडून तुडवून घ्यायचे, वजन वाढावं म्हणून. भिंतीतल्या धापा त्याच. कमलाकांतनं कान लावला आणि ओळखलं; पेढीला कळवीन, असं तोंडावर सांगितलं. पहाटे उत्तमराव कपाटातून आले.

"ही ओळ पयले गोदामाचीच होती," गोदाबाई म्हणाल्या. "विकताना यायनं मधलं दार कपाटात दडवलं. रक्त सांडलं, पन अंगनात बाया पान्याले आलेल्या. दारातून भायेर कसे जातीन? मंग आपल्या गोठ्यातलं शेन आनून सारवलं अन् आल्या वाटेनं गेले. भूत म्हनून बोंब झाली तं खोल्याबी सस्त्यात परत. दिवस बुडाला असता तं हे लेकरू कापसाच्या गाडीत..." त्यांनी पदरानं त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. "चूक माहीबी हाये. बैल घेतला असता तं मांगूनबी पायला असता. घर तेवढं समोरून पायलं."

"भेव नाई वाटलं तुमाले?" जमादारांनी विचारलं.

"लय वाटलं. अजून वाटून रायलं. पन भाडं मी घेतो. त्याचा जीव माह्याच भिंतीआड होता ना."

पहिल्या खोलीत न्यायचं म्हणून कमलाकांतला तिसऱ्या खोलीतून उचलून आणू लागले. शकुन त्याची पगडी, वहाणा गोळा करू लागली. तसा तो हात वर करून क्षीण आवाजात म्हणाला, "सामान हलवू नका. काकू, तेवढी भिंत बांधून घ्या. मी इथंच राहणार आहे."

सकाळपासून डोळ्यांत टिपूस न आलेल्या गोदाबाई तेव्हा हमसून हमसून रडल्या.