घरात अम्मा आल्यात

"माझ्या बहिणीला त्यांनी मारलं," गुणाबाई म्हणाल्या. "तेवढं सिद्ध करून द्या."

अंजू मठपतीच्या लातूरच्या ऑफिसात बहुतेक लोक लग्नाआधीची चौकशी करायला यायचे. मुलाची नोकरी खरी आहे का, आधी कुठं सोयरीक मोडली का, असली कामं. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर श्रीमंत बिरादार तिची गाडी चालवायचे आणि आल्यागेल्याला चहा सांगायचे. मारल्याची गोष्ट त्यांनी इथं पहिल्यांदाच ऐकली. चहा सांगायचा राहूनच गेला.

"कधीची गोष्ट, आजी?" अंजूनं विचारलं.

"सन अठ्ठावन. मी सात वर्षांची होते."

शेजारी बसलेली नात, सृष्टी, खाली मान घालून म्हणाली, "मला सोमेशशी लग्न करायचंय. आम्ही दोघं इथं लातूरलाच एका बँकेत आहोत. त्यांचं गाव शिरूर अनंतपाळ आहे हे कळल्यापासून आजी जेवत नाही धड. म्हणते, त्याच घरात तिची दानम्माताई दिली होती."

"दिली आन् वर्षाच्या आत गेली," गुणाबाई म्हणाल्या. "तिच्या नवऱ्यानं, शिवलिंगप्पानं, दुसरी बाई आणली घरात. आमची आई मरस्तोवर म्हणायची, त्या अम्मानं माझी लेक नेली. माझ्याकडं पुरावा हाय."

पिशवीतून त्यांनी दोन जुनी पोस्टकार्डं काढली. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत सापडलेली. अंजूनं पहिलं मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप बापूंस दानम्माचा शिरसाष्टांग नमस्कार. घरात अम्मा आल्यात. दारात डहाळे बांधलेत. त्यांच्यासाठी रोज दहीभात होतो. मला मागच्या खोलीत ठेवलंय. ह्यांना तिकडं यायची मनाई आहे. सासूबाईंनी माझे दागिने उतरवून घेतले, आरसाही नेला. घरात फोडणी बंद आहे."

दुसऱ्या कार्डावरचं अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"डोळे सुजलेत, नीट दिसत नाही. सासूबाई माझ्यापासून हलत नाहीत. बाहेर जाताना चपलासुद्धा घालत नाहीत. हे दाढी न करता ओट्यावर बसून असतात. अम्मा जातील तेव्हाच माझी सुटका. इकडं कुणाला पाठवू नका. गुणीला तर मुळीच नको."

श्रीमंतांना ती पोर डोळ्यांपुढं दिसायला लागली. मागच्या खोलीत कोंडलेली, अंगावर दागिना नाही, रडून रडून डोळे सुजलेले. त्यांच्याही तीन मुली होत्या.

"सवतीसाठी तोरण बांधलं, दहीभात केला," गुणाबाई म्हणाल्या. "आन् माझ्या बहिणीवर सासूचा पहारा. मला बी काही करतील म्हणून पाठवू नका म्हणाली."

अंजूनं कार्ड उलटून पाहिलं. मागचा माहेरचा, मुदखेडचा पत्ता मात्र वळणदार अक्षरात होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी.

"बहीण गेल्यावर तुमच्या वडिलांनी काय केलं, आजी?"

"बापू शिरूरला जाऊन आले. आल्यावर एक शब्द बोलले न्हाईत. दुसऱ्याच दिवशी आम्हा तिघा भावंडांला नांदेडला नेलं आन् दंडावर टोचून आणलं. मला ताप भरला. लेक गेलेल्या माणसाला तवा दवाखाना सुचतो का, सांगा बरं. पुढं त्यांनी त्या घराचं नाव काढू दिलं न्हाई, भांडायलाही गेले न्हाईत. लई राग आला होता मला त्यांचा."

"खरं काय ते शोधते," अंजू म्हणाली. "तुम्हाला हवं तेच निघेल असं नाही."

"तसं काही निघालं तर मी सोमेशला नाही म्हणेन," सृष्टी हळूच म्हणाली. "आजीच्या डोळ्यांपुढं त्या घरात कशी नांदू?"

*

शिरूर अनंतपाळला सोमेशचे वडील भीमाशंकर दारातच उभे होते. साठीचा, जाडजूड, सावध माणूस. भुसार मालाचं दुकान, मागं शेती.

"आमच्या वडिलांची पहिली बायको होती, एवढं माहीत आहे," ते म्हणाले. "लवकर गेली. याच्यापुढं वडील बोलत नव्हते."

"आणि तुमची आजी? वडिलांची आई?"

"तिला मी पाहिलेलंच नाही."

"वडिलांचं अक्षर आहे का कुठं?"

त्यांनी वडिलांच्या हातची एक जुनी पावती आणून दिली. अंजूनं ती पोस्टकार्डाच्या पत्त्याशेजारी धरली. श्रीमंतांनीही डोकावून पाहिलं. तेच वळण, 'ख'ची तीच लांब शेपटी.

"म्हणजे नवऱ्यानंच कार्ड टाकलं पोस्टात," श्रीमंत म्हणाले. अंजू नुसती हं म्हणाली.

आतल्या खोलीत उमाबाई बसल्या होत्या, भीमाशंकरांची आई, शिवलिंगप्पाची दुसरी बायको. ऐंशीच्या घरातली बाई. मुदखेडचं नाव निघताच त्यांचे हात थांबले, निवडायची डाळ सुपात तशीच राहिली.

"ह्या घरात तुम्ही कधी आलात, आजी?"

"सन मला ठावं न्हाई, बाई. शाळा कुठं शिकले मी? आले तवा घरात बाईमाणूस नव्हतं. सासरा आन् मालक, दोघंच. चूल बापेच फुंकत होते."

"पहिलीबद्दल कुणी काही सांगितलं?"

"न्हाई. सासऱ्याचा दंडकच होता, त्या गोष्टीचं नाव काढायचं न्हाई. म्या बी विचारलं न्हाई." त्यांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भ्या वाटायचं. ती कशी गेली म्हणून. आपलंबी तसंच व्हायचं म्हणून. आता साठ वर्सं झाली, तरी कवा कवा ते मनात येतं."

बाहेर आल्यावर श्रीमंतांना राहवलं नाही. "ताई, म्हातारी घाबरली. हीच ती अम्मा. चूल बापे फुंकत होते म्हणते, पण हिच्या बोलण्याला साक्ष कोण?"

"साक्ष पाहिजे, हे खरं," अंजू म्हणाली. "भीमाशंकरअण्णा, तुमच्याकडं हेळवी येतो ना?"

हेळवी म्हणजे घराण्यांचे वंश सांगत फिरणारा. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. वर्षा-दोन वर्षांनी दारात उभा राहतो, घरात कोण जन्मलं, कोण आलं, कोण गेलं ते चोपड्यात लिहून घेतो, मग सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. भीमाशंकरांनी फोन लावला. त्यांच्या घराण्याचा हेळवी, बसप्पा, रेणापूरला उतरला होता.

*

रेणापूरला बसप्पा एका ओळखीच्या घरी जेवून नुकताच पडला होता. पाहुण्यांना पाहून उठला, तोंड धुतलं, चोपडा कपाळाला लावला. अक्षरं कानडी होती.

"शिरूरचं घर," त्यानं बोट फिरवलं. "हे माझ्या आज्यानं लिहिलंय. शिवलिंगप्पा, बायको दानम्मा, माहेर मुदखेड. त्याच्या पुढच्या खेपेला एकाच ओळीत दोघी शिवैक्य, म्हणजे गेल्या. सून दानम्मा, चैत्र. सासू शांतम्मा, वैशाख."

"सासूसुद्धा?" श्रीमंत म्हणाले.

"हाव, महिन्याच्या आत. दुसरी बायको उमाबाई, ती पार बासष्टला. मधल्या खेपांना आज्यानं लिहिलंय, घरात दोनच माणसं."

"गेल्या कशानं, ते लिहिलंय?"

"आम्ही नावं लिहितो, ताई. कशानं गेलं ते लिहीत नाही."

परतीच्या वाटेवर श्रीमंत मनाशी हिशेब मांडत होते. मग म्हणाले, "असं तर नाही, की सासूनं सुनेला मारलं आणि मग पस्तावून स्वतःचंही काही करून घेतलं?"

"काका, तुमच्या लहानपणी घरात फोडणी कधी बंद असायची?"

"घरात कुणी गेलं तर. नाहीतर..." श्रीमंतांनी आठवायचा प्रयत्न केला. समोर उसाचा ट्रॅक्टर आला तशी गाडी बाजूला घेतली, आणि ते राहूनच गेलं.

"गुणाबाईंना शिरूरला आणू," अंजू म्हणाली. "त्याच घरात सांगितलं पाहिजे."

*

रविवारी सकाळी गुणाबाई नातीचा हात धरून शिरूरच्या त्या घरात शिरल्या. उमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भीमाशंकर आणि सोमेश उभेच राहिले. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहत नव्हत्या.

अंजूनं पोस्टकार्डं सतरंजीवर ठेवली.

"आजी, तुम्ही म्हणता नवऱ्यानं दुसरी बाई आणली. उमाबाई ह्या घरात आल्या त्या चार वर्षांनी, हेळव्याच्या चोपड्यात तसं लिहिलंय. मधे दुसरी कुणीही नाही. मग ही अम्मा कोण?"

"असंल कुणी ठेवलेली," गुणाबाई म्हणाल्या.

"ठेवलेल्या बाईसाठी दारात डहाळे बांधतात? बरं, बांधले. मग गोडधोड झालं असतं, तळण झालं असतं. इथं तर फोडणीसुद्धा बंद. आणि नवी बाई आणलेला माणूस दाढी न करता ओट्यावर बसून राहील?"

अंजूनं कार्ड उलटून पत्त्याची बाजू वर केली.

"हे उघडं पोस्टकार्ड आहे. पत्ता शिवलिंगप्पांच्या हातचा. बायकोला छळणारा माणूस तिचं गाऱ्हाणं स्वतः पत्ता घालून सासऱ्याला पाठवील का? ह्या कार्डात गाऱ्हाणं नाहीच, आजी. घरात काय चाललंय, तेवढंच तिनं कळवलंय."

ती बोटांवर मोजू लागली.

"फोडणी नाही. दाराला डहाळे, ते तोरण नव्हे, कडुलिंबाचे असणार. नैवेद्याला दहीभात. घरातल्या पुरुषांनी दाढी करायची नाही, बायकांनी पायात चप्पल घालायची नाही. आजाऱ्याला आरसा दाखवायचा नाही. अंगाला काही टोचू नये म्हणून दागिने उतरवायचे."

श्रीमंतांच्या तोंडून आपोआप शब्द गेला. "देवी."

"देवीची साथ," अंजू म्हणाली. "तुमच्या मुदखेडला देवी म्हणायचे. इकडं कानडी बोलीच्या घरांत अम्मा म्हणत. अम्मा आल्या, अम्मा गेल्या. अम्मानं लेक नेली, हे तुमच्या आईचं म्हणणंही खरंच होतं. आजाराचं नाव काढायचं नाही, कारण ती घरी आलेली पाहुणी. दानम्मा सासरच्यांसारखं बोलायला शिकली होती. तिनं तसंच लिहिलं. डोळे रडून सुजले नव्हते, पापण्यांवर फोड आले होते. म्हणून अक्षर असं झालं."

गुणाबाईंनी दुसरं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं.

"बापूंना हे माहीत होतं?"

"माहीत होतं, म्हणूनच परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हा तिघांना देवी टोचून आणलं. लेक गेलेल्या माणसाला नेमका तोच दवाखाना सुचला. ते ह्या घराशी भांडले नाहीत, कारण भांडण नव्हतंच. गप्प का राहिले, हे मात्र मी सिद्ध करू शकत नाही. मला वाटतं, दानम्माला टोचलेलं नव्हतं."

गुणाबाईंची मान हळूहळू हलली.

"आई सांगायची," त्या म्हणाल्या. "टोचणारा गावात आला की बापू तिला कणगीत लपवायचे. पहिली लेक. तिला दुखंल म्हणून."

सृष्टीनं आजीचा हात दाबला.

"राहिली सासू," अंजू म्हणाली. "'सासूबाई माझ्यापासून हलत नाहीत.' तुम्ही पहारा समजलात. नवऱ्याला आत येऊ दिलं नाही, ते त्याला वाचवायला. आत एकट्या शांतम्मा राहिल्या. चैत्रात सून गेली, वैशाखात त्या गेल्या. तोच आजार त्यांना लागला असणार, आजी. तुमच्या बहिणीची सेवा करता करता."

मग गुणाबाईंनी विचारलं, "आन् मला पाठवू नका म्हणाली, ते?"

"तुम्ही सात वर्षांच्या होता. तुम्हाला लागू नये म्हणून."

गुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. उमाबाई भिंतीचा आधार सोडून सरकत सरकत आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या.

"बाई, मला बी आजच कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्याबी मनावरचं वझं उतरलं. लई चांगल्या घरात नांदले म्या, आन् उगं भ्याले."

"म्या तुला लई शिव्या दिल्या, उमाबाई. तोंड न बघता."

"द्या की. मला कुठं ऐकू आल्या?"

गुणाबाई रडता रडता हसल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठं ठेवलंय दोघींला?"

समाध्या शेतात होत्या, बांधाच्या कडेला शेजारी शेजारी. भीमाशंकरांना त्यांतली एक आजीची, एवढंच माहीत होतं. दुसरीसमोरही ते दर अमावास्येला नारळ फोडत आले होते, वडील फोडायचे म्हणून. गुणाबाईंनी चाफ्याची फुलं दोन्हींवर वाहिली, पण डोकं आधी टेकवलं ते शांतम्माच्या समाधीवर. सोमेशनं त्यांना हात देऊन उठवलं.

"तुझ्या घरच्यांला घेऊन मुदखेडला ये," त्या त्याला म्हणाल्या. "सोयरिकीचं बसून बोलू. गुरुवारी ये, त्या दिवशी बाजार असतो, भाजी ताजी मिळती."

*

नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर श्रीमंतांनी आरशातून मागं पाहिलं. त्यांना वाटलं होतं म्हातारी दमून झोपली असेल. तर गुणाबाई नातीकडं वळून बसल्या होत्या.

"ताई लई द्वाड होती," त्या सांगत होत्या. "तुला ठावं हाय का, ती शिट्टी वाजवायची. पोरांसारखी, दोन बोटं तोंडात घालून. मुदखेडच्या टेसनावर गाडी उभी असायची, आन् हिनं शिट्टी मारली की गार्ड खाली उतरून बघायचा, कुणी वाजवली म्हणून."

"आजी, हे तू कधीच नाही सांगितलंस," सृष्टी म्हणाली.

"कवा सांगणार? तिचं नाव निघालं की मला तिचं मरणच आठवायचं." गुणाबाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली. "आन् ऐक, एकदा बापूंचं धोतर नेसून ती मारुतीच्या देवळात कीर्तनाला जाऊन बसली. बायांच्यात न्हाई, बाप्यांच्यात."

श्रीमंतांनी गाडीचा वेग कमी केला. मुदखेड यायला अजून बराच वेळ होता, आणि त्यांना पुढचं ऐकायचं होतं.