घुगऱ्यांचं पातेलं आणि जंतूंची घराणी

माळावरच्या सौर प्रकल्पाच्या कामगार वसाहतीत एक बारसं झालं आणि त्याच आठवड्यात सहा लहान मुलांना जुलाब लागले. सहाही जणांनी बारशाच्या मऊ शिजवलेल्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या, आणि त्या शिजवल्या होत्या उर्मीच्या आईनं, शेवंतानं. मग कोडं उरलंच कुठं, असं बायका म्हणाल्या.

शेवंता वसाहतीच्या बालवाडीत स्वयंपाक करायची. आता आया मुलांना घरून डबे देऊ लागल्या. शेजारच्या रखमाकाकू, ज्यांचा नातू आजारी होता, चारचौघींत म्हणाल्या, की हिच्या हाताला चव आहे, पण हात धुवायला हिला सवड नाही. शेवंताचा स्वतःचा धाकटा सोन्याही अंथरुणात होता, ते कुणी जमेस धरलंच नाही. ती त्याला चमच्या-चमच्यानं जलसंजीवनी (अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं पाणी) पाजत राहिली. बालवाडीच्या बाईंनी निरोप धाडला होता, तपासणीत दोष निघाला तर दुसरी स्वयंपाकीण बघावी लागेल.

जिल्ह्याहून डॉक्टर लतिका आल्या. मागोमाग ठकू आली, तीन चाकांची यंत्रबाई. तिचं काम बाळांच्या शीचे नमुने गोळा करायचं. ते ऐकून पोरं नाक धरून हसली. ठकूला नाकच नव्हतं, त्यामुळं ती शांतपणे दारोदार फिरली.

पहिल्या तपासणीत सगळ्यांच्या पोटात एकाच नावाचा जंतू सापडला, ई. कोलाय. वसाहतीत बोभाटा झाला, जंतू एक म्हणजे पातेलं एक.

उर्मी तडक डॉक्टरांकडे गेली. "मावशी, तो जंतू आमच्या पातेल्यातलाच का? सरळ सांगा."

"नाव कळलं म्हणून गाव कळत नाही," लतिका म्हणाल्या.

मग त्यांनी तिला जवळ बसवलं. ई. कोलाय तुझ्याही आतड्यात आहे, माझ्याही, आणि बहुतेक वेळा तो गुण्यागोविंदानं राहतो, असं त्यांनी सांगितलं. पण त्याच्यात खूप वाण (एकाच जातीतले निराळे प्रकार) असतात. प्रत्येक जंतूत जनुकं (कसं जगायचं याच्या, पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या सूचना) असतात, आणि ती वाणागणिक बदलतात. बारशाला बायकांनी पाळणा म्हटला तेव्हा धृपद सगळ्यांचं एकच होतं ना? पण खानदेशच्या बाईनं कडवं रचलं ते केळीच्या पानाचं, कोकणातलीनं माडाच्या सावलीचं. जंतूंचंही तसंच. कुणाच्या कडव्यात विष बनवायची सूचना असते, त्यानं आतड्यात पाणी सुटतं. कुणाच्या कडव्यात आतड्याच्या अस्तराला चिकटून बसायची. बायका जशी एकमेकींची कडवी उचलतात, तसे जंतूही दुसऱ्याची जनुकं उचलतात आणि नवे वाण निपजतात. यालाच जनुकीय विविधता (एकाच जातीतल्या जनुकांचा वेगळेपणा) म्हणतात.

उर्मीनं थोडा विचार केला. "म्हणजे सगळ्यांनी एकाच पातेल्यातला जंतू खाल्ला असेल, तर सगळ्यांच्या पोटात एकच कडवं निघेल?"

"बहुतेकांच्या तरी निघेल," लतिका म्हणाल्या, आणि ठकूला कडवी वाचायला बसवलं.

संध्याकाळी बालवाडीच्या ओट्यावर सगळे जमले. ठकूनं वाचून दाखवलं. चार मुलांच्या पोटात चार निरनिराळे वाण निघाले. ती घरं चार दिशांहून कामाला आलेली, पाणी भरायच्या चार तऱ्हा, आणि उन्हाळ्यानं टाक्या तळाला गेलेल्या. जंतू आला तो बहुधा ज्याच्या त्याच्या पाण्यातून; घुगऱ्यांकडे बोट दाखवावं असं काही निघालं नाही. उर्मीनं आईचा पदर घट्ट धरला.

पण सोन्या आणि रखमाकाकूंचा नातू, या दोघांतला वाण अक्षराला अक्षर जुळत होता.

"बघा, हिच्या पोरानंच माझ्याला दिला," रखमाकाकू म्हणाल्या.

"किंवा तुमच्यानं तिच्याला. ते ठकूलाही सांगता येत नाही," लतिका म्हणाल्या. "तुमच्या दोन्ही घरांचं पिण्याचं पाणी कुठलं?"

दोघींच्या दारांच्या मधोमध एक पिंप होतं, शेजारधर्माचं. ज्याला तहान लागेल त्यानं पेला बुडवायचा. पोरं तर कोपरापर्यंत हात घालत. शेवंता आणि रखमाकाकू, दोघींनीही एकदमच खाली पाहिलं.

लतिका कुणाला रागावल्या नाहीत. प्रत्येक घरानं आपलं पाणी आणि आपले हात बघायचे, एवढंच त्यांनी सांगितलं. ठकूनं सगळे वाण दूरच्या प्रयोगशाळेला कळवले. एकाच वाणावरची लस बाकीच्यांपुढं हरते, म्हणून तिथले लस बनवणारे पुष्कळ वाणांत सारखं काय आहे ते शोधत होते. प्रत्येक वसाहतीच्या वाचनानं ते थोडं पुढं सरकत होते.

सकाळी उर्मी उठली तेव्हा रखमाकाकू आणि आई मिळून पिंप घासत होत्या. काकूंनी गवंड्याकडून तोटी आणली होती.

"ही बसवू खाली. आता कुणाचा हात आत जायला नको," त्या म्हणाल्या. "भांडायला आपण दुसरं काहीतरी शोधू."

आई कितीतरी दिवसांनी हसली. नातू बरा झाल्यावर काकूंनी त्याचा डबा बंद केला, आणि रिकामी ताटली हातात देऊन त्याला बालवाडीत शेवंताच्या खिचडीला धाडलं.