लिंपलेली ढोली

"उल्का, चल ना यार! मल्होत्रा अंकलने पुलिस बुलाई है. आपल्या आंब्यापाशी!"

नरेशचं बोलणं असंच, अर्धं घरचं, अर्धं चंदीगढचं. उल्का धावतच निघाली. विद्यापीठात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पद्मिनीमॅडमनी ठिकठिकाणच्या मुलांवर धनेश पक्ष्याच्या घरट्यांवर नजर ठेवण्याचं काम सोपवलं होतं. या बहीणभावांच्या वाट्याला या आंब्याची ढोली आली होती. मादी आत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून, फटीतून तिला भरवतो. पण आजच उठलेल्या संचारबंदीमुळे तीन दिवस कुणाला तिकडे फिरकताच आलं नव्हतं.

दोघं पोचले तर आंब्याखाली ही गर्दी! एक शिपाई लांब बांबूला लोखंडी आकडा बांधत होता.

"पहले यहाँ छेद था जी, अब पलस्तर है. किसी ने पक्का अंदर बम रखा है!" कॉलनीचे सेक्रेटरी मल्होत्रा अंकल सांगत होते. ते दिवसच तसे होते, पंजाबात रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटायचे. बसमध्ये बसण्याआधी सीटखाली वाकून पाहायचं, बेवारस डब्यालाही वळसा घालायचा. झाडाकडे मान वर करून पाहायला सवड होती कुणाला?

"अंकल, अंदर चिड़िया है," उल्का म्हणाली.

"बेटा, चिड़िया पलस्तर नहीं करती."

लोक हसले. ठाणेदारांनी फटीकडे पाहिलं. आत अंधार, चूं नाही की चां नाही. नराचाही पत्ता नव्हता. उल्काला वाटलं, तीन दिवसांत तो मेला तर नसेल? की खरंच कुणी आत काही ठेवलंय? आकडा ढोलीपर्यंत पोचला होता.

माणसं जवळ असली की नर येत नाही, हे मॅडमनी बजावलेलं तिला आठवलं.

"सरजी," ती मोठ्यांदा म्हणाली, "बम है, तो सब इतने पास क्यों खड़े हैं?"

मग जी पळापळ झाली! सर्वांत पुढे मल्होत्रा अंकल, एक चप्पल तिथेच टाकून. ठाणेदारांनीही शिपायाला मागे खेचलं. सगळे रस्त्यापलीकडे, दुधाच्या बूथमागे दडले. आता नर तिला भरवायला येईल, असं उल्काने ठाणेदारांना सांगितलं.

"चिड़िया नहीं आई, तो पलस्तर तोड़ेंगे," ठाणेदार म्हणाले.

नरेशने बहिणीचा हात घट्ट धरला. बराच वेळ काहीच घडलं नाही. शिपायाने पुन्हा बांबू उचलला.

तेवढ्यात फडफड झाली. राखाडी अंगाचा, बाकदार चोचीचा धनेश ढोलीपाशी बसला आणि त्याने पिंपळाचं फळ फटीशी नेलं. आतून चोचीचं टोक आलं आणि फळ आत गेलं!

उल्काला रडूच कोसळलं. ठाणेदारांनी बांबू खाली ठेवायला लावला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबाश, पुत्तर. हम सब सीट के नीचे देखते रह गए. ऊपर सिर्फ तुमने देखा."

दुसऱ्या दिवशी मुलं आली, तेव्हा मल्होत्रा अंकल बूथपाशी खुर्ची टाकून मान वर करून बसले होते.

"श्श!" ते म्हणाले. "वो अभी खाना खा रही है."