निवेदिकेचं मत

मास्तर पहिल्यांदा रेडिओ केंद्रात आले ते भांडायला.

तेव्हा गावात रेडिओ केंद्र एकच होतं, आणि दुपारची जेवणं उरकली की घराघरांतून एकच आवाज ऐकू यायचा – निवेदिकेचा. स्वच्छ, मऊ, कुणालाही न दुखावणारा. सगळा गाव तिला 'ताई' म्हणायचा. भाजीवालाही म्हणायचा, आणि तिच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थही म्हणायचे. दर गुरुवारी ती 'दोन बाजू' नावाचा कार्यक्रम सादर करायची. एखादा विषय घ्यायचा, दोन पाहुणे बोलवायचे, एकानं बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. आणि शेवटी निवेदिकेनं दोघांचे आभार मानायचे.

त्या गुरुवारी ती हातात कागद धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. दोन्ही पाहुणे एकाच गाडीनं निघाले होते आणि गाडी वाटेतच बंद पडली होती. कार्यक्रम थेट जायचा होता. तेवढ्यात समोरून एक उंच, किडकिडीत माणूस आला. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून त्यानं पॅन्टच्या एका पायाला चिमटा लावला होता, आणि तो काढायचा विसरला होता.

"मागच्या गुरुवारी निवेदन तुमचंच होतं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"एक गृहस्थ म्हणाले, नापास होणारी मुलं म्हणजे शाळेवरचा बोजा. आणि तुम्ही त्यावर म्हणालात – धन्यवाद."

"निवेदकानं स्वतःचं मत सांगायचं नसतं," ती म्हणाली.

"सांगायचं नसतं, की... नसतंच?"

ती काही बोलणार, इतक्यात केंद्राचे साहेब दार उघडून बाहेर आले. त्यांनी त्या माणसाचा खणखणीत आवाज ऐकला होता. चौकशीत कळलं की तो टेकडीपलीकडच्या वस्तीवरच्या छोट्या शाळेत शिक्षक आहे. बुडत्याला काडीचा आधार, तसा साहेबांना हा मास्तर मिळाला. आत्ता जे बोलताय तेच आत येऊन बोला, म्हणाले. आणि दुसरी बाजू? साहेबांनी व्हरांड्यात इकडंतिकडं पाहिलं. तिथं दुसरं कुणीच नव्हतं. मग त्यांनी निवेदिकेकडं पाहिलं.

लाल दिवा लागला. मास्तर म्हणाले, मूल नापास होत नाही, शाळा नापास होते. निकाल मात्र मुलाच्या हातात देतात. निवेदिकेच्या कागदावर या वाक्याला उत्तर नव्हतं. तिनं कागद बाजूला सारला आणि जे आठवलं ते सांगू लागली. ती स्वतः लहानपणी गणितात नापास झाली होती. त्याच वर्गात पुन्हा बसली, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी तिला अपूर्णांक मुळापासून समजावून सांगितले. तसंच वर ढकललं असतं, तर ती आयुष्यभर अंधारात जिने चढत राहिली असती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या, तेव्हा कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. आवाज आता खणखणीत नव्हता.

रेडिओवर शांतता म्हणजे मोठा गुन्हा. काचेपलीकडं बसणारे, ध्वनिमुद्रण सांभाळणारे काका हातवारे करू लागले.

"वाईट वाटलं," ती म्हणाली. "फार वाईट वाटलं."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे वडील, आप्पा, रेडिओजवळच बसले होते. आप्पांची हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती. वकिलांची भाषणं ऐकून ऐकून त्यांचे कान पिकले होते. ते म्हणाले, "आपल्या घरात कुणालातरी मत आहे, हे आज मला रेडिओवरून कळलं." ती हसली. पण रात्री उशिरापर्यंत तिच्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला... इतकी वर्षं आपण नेमके कुणाचे आभार मानत होतो?

लोकांना कार्यक्रम आवडला. साहेबांनी मास्तरांना दर गुरुवारी यायला सांगितलं आणि निवेदिकेला कायमची दुसरी बाजू दिली. मग काय, विषयांना तोटा नव्हता. श्रीमंतांची आणि गरिबांची मुलं एकाच शाळेत हवीत का? मत पक्षाला द्यावं की माणसाला? बाई कमावती झाली तर घरातलं निम्मं काम पुरुषानं करावं का? या शेवटच्या विषयात मास्तर निम्म्याच्या बाजूनं बोलले, तर निवेदिकेनं निम्म्यावर भागणार नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात दोन बायकांनी तिला थांबवून शाबासकी दिली आणि वाण्यानं गुमान सामान बांधलं.

लाल दिवा विझला तरी वाद विझायचा नाही. उपाहारगृहातला चहा गार व्हायचा. मग मास्तर तिला बसथांब्यापर्यंत सोडायला निघायचे. सायकल असूनही तिच्यावर बसायचे नाहीत, हातात धरून चालायचे. बोलण्याच्या भरात ती पुढं निघून जायची, सायकल मागं राहायची, मग ती थांबायची. पाऊस भुरभुरत असला तर तिची छत्री हळूहळू त्यांच्या बाजूला कलायची, आणि मास्तर ती न बोलता पुन्हा तिच्याकडं सरळ करायचे. त्यांचा एक खांदा नेहमी भिजलेला असायचा.

एक गोष्ट मात्र काकांच्या लक्षात आली होती. चहा घेता घेता ते तिला म्हणाले, "अख्खा गाव तुला ताई म्हणतो. हा मास्तर का म्हणत नाही गं?"

तिनं आठवून पाहिलं. खरंच की. 'आमच्या निवेदिकेचं म्हणणं', 'निवेदिकेनं आत्ताच सांगितलं' – पण ताई? एकदाही नाही. तिचे कान तापले. पेल्यात साखर घालायची म्हणून तिनं मीठ घातलं आणि तो चहा मुकाट्यानं पिऊन टाकला.

आणि मग तो गुरुवार आला.

ज्या शाळांत मुलं थोडी, त्या बंद करून मुलांना बसनं गावातल्या मोठ्या शाळेत आणायचं, असा शिक्षण खात्याचा बेत जाहीर झाला होता. मास्तरांची शाळा त्यात होती. कार्यक्रमाचा विषय अर्थातच तोच. आदल्या संध्याकाळी थांब्याकडं चालताना निवेदिका म्हणाली, की उद्या ती मोठ्या शाळेच्या बाजूनं बोलणार, आणि ते केवळ कार्यक्रमासाठी नाही. तिची शाळाही अशीच चिमुकली होती. नापास झाली त्या वर्षी तिच्या इयत्तेत ती एकटीच उरली होती. वर्षभर एका बाकावर एकटी! कुणाच्या वहीत डोकवायचं, कुणाशी भांडायचं? सांगता सांगता तिचा आवाज कापला. सायकलची चाकं तेवढी करकरत होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरची माणसं रेडिओभोवती जमली होती. आपला मास्तर आज आपल्या शाळेसाठी भांडणार म्हणून आयाबायाही कामं टाकून आल्या होत्या. निवेदिका बोलली, मनापासून बोलली. मग मास्तरांची पाळी आली. त्यांनी चष्मा काढला... आणि पुन्हा घातलाच नाही.

"निवेदिकेचं म्हणणं मला पटलं," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही."

उरलेला वेळ काकांना गाणी लावून भरून काढावा लागला.

व्हरांड्यात तिनं त्यांना गाठलं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर होता. तुमच्या मुलांच्या वतीनं बोलायला आला होतात, ती म्हणाली. वस्तीवरची माणसं तिकडं कान लावून बसली होती, आणि तुम्ही मला जिंकवून मोकळे झालात. तिला असली जीत नको होती. मुलाचं रडं थांबावं म्हणून हातात खाऊ ठेवावा, तसं वाटलं तिला.

मास्तरांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पटलं म्हणून मी गप्प बसलो, की तुम्ही म्हणालात म्हणून मला पटलं... माझं मलाच कळलं नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं."

तिचा राग एकदम निवला. तरी ती म्हणाली, "मग आधी ते शोधून काढा. तोवर येऊ नका."

आणि ते खरंच आले नाहीत.

त्यांच्या जागी साहेबांनी एक वकील आणला. माणूस गोड होता, कपडे परीटघडीचे, पण मत पाण्यासारखं – ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार. निवेदिका काहीही बोलली की तो म्हणायचा, "अगदी बरोबर, ताई." काही गुरुवार तिनं हे 'अगदी बरोबर' सोसलं. आप्पा रेडिओचा आवाज बारीक करू लागले. अखेर एकदा ते म्हणाले, "विरोधी पक्ष सभात्याग करून गेला की सरकारला झोप लागते म्हणतात. आमच्या सरकारची मात्र उडालेली दिसते." तिनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि टेकडीपलीकडं जाणारी बस धरली.

शाळा दोन खोल्यांची होती. दार उघडंच होतं. मास्तर फळ्यावर लिहीत होते, आणि ती जाऊन शेवटच्या बाकावर बसली. शेजारी एक मोठी मुलगी मांडीवर एका चिमुरड्याला घेऊन त्याला अंक गिरवायला शिकवत होती. पलीकडं दोन वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच पुस्तकावर ओणवी होऊन कुजबुजत भांडत होती. निवेदिका बघत राहिली. इथं कुणीच एकटं नव्हतं. एकटेपणा शाळेच्या आकारात नव्हता तर. तिच्या शाळेत तिला मांडीवर घेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

मास्तर वळले. तिला पाहून खडू हातातच राहिला. पण धडा त्यांनी मध्येच सोडला नाही.

मधल्या सुट्टीत दोघं पायरीवर बसली. वस्तीवरची माणसं काही दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हती, हे त्यांनी सांगितलं. मग ते एकेकाच्या घरी गेले, आणि काही पालकांना नि लहानमोठ्या मुलांना बरोबर घेऊन बसनं मोठ्या शाळेत जाऊन आले. तिथली प्रयोगशाळा पाहिली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली त्यांची एक विद्यार्थिनी काही केल्या उठायला तयार होईना. लहानगी मात्र येताना बसमध्ये पेंगून एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"म्हणजे... शोधलंत?" तिनं विचारलं.

"शोधलं. निम्मं मला खरोखरच पटलं होतं. मोठ्या मुलांना तिकडं पाठवायला हवं." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "उरलेलं निम्मं तुमच्यामुळं झालं. ते अजून तसंच आहे."

वारा सुटला होता. अंगणात मुलांचा दंगा चालला होता. तिनं पायरीवरच्या खडूच्या रेघा बोटानं पुसल्या. मग म्हणाली, "मला आता तुमचं पटत नाही. शाळा इथंच हवी. सगळी, मोठ्यांसकट."

मास्तर आधी चमकले, मग हसले – तिनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर ते तिला थांब्यापर्यंत सोडायला आले. बोलण्याच्या नादात एक बस गेली. दुसरी आली, ती दोघांनाही दिसली होती. तिला हात करायचं मात्र दोघंही विसरली.

पुढच्या गुरुवारी दोघांनी बाजू बदलून वाद घातला. निवेदिका छोट्या शाळेसाठी भांडली, मास्तर प्रयोगशाळेसाठी. ऐकणारे चक्रावले. आप्पांनी त्याला 'उभयपक्षी पक्षांतर' असं नाव दिलं. पालक शिष्टमंडळ घेऊन खात्याकडं गेले, बरेच खेटे घातले, आणि लहान मुलांचे वर्ग वस्तीवरच राहिले. मोठी मुलं बसनं जाऊ लागली. पुरतं कुणीच जिंकलं नाही.

त्याच दिवसांत, थांब्यावर बसची वाट पाहताना, तिनं एकदम विचारलं, "मास्तर, लग्नाबद्दल तुमचं मत काय?"

"कुणाच्या?"

"आपल्या."

सायकल हातातून सुटून धाडकन पडली. ती उचलायचं भान त्यांना नव्हतं.

"अनुकूल," ते म्हणाले. "आणि... विरोधी बाजू?"

"आज तिच्यातर्फे बोलायला कुणी नाही," ती म्हणाली, आणि खाली वाकून सायकल तिनंच उचलली.

आता ते केंद्र राहिलं नाही. इमारतीत कुठलंसं गोदाम आहे. काका गेले, आप्पाही गेले. पण जुन्या ऐकणाऱ्यांपैकी कुणी भेटलं की निवेदिका लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट हमखास सांगते.

तिचा उमेदवार एक, मास्तरांचा दुसरा. आठवडाभर घरात प्रचारसभा चालू होत्या. मतदानाच्या दिवशी सकाळपासून पावसानं झोडपून काढलं. चहा घेताना तिनं हिशेब मांडला – आपण दोघं गेलो काय आणि न गेलो काय, एकाचं मत दुसऱ्याचं खोडणार. मग भिजायचं कशाला? मास्तरांना ते लगेच पटलं. तिला जरा नवलच वाटलं. थोड्या वेळानं ते शेजाऱ्यांकडं बसून येतो म्हणून गेले. छत्री खुंटीलाच होती.

तिनंही मग चपला घातल्या, छत्री घेतली आणि गुपचूप मतदान केंद्र गाठलं. बायकांची रांग आणि पुरुषांची रांग शेजारीशेजारी होत्या. पुरुषांच्या रांगेत, नखशिखान्त भिजलेला, चष्म्याच्या काचांवरून पाणी ओघळणारा एक उंच माणूस उभा होता. छत्री नेली असती तर तिला संशय आला असता ना.

मास्तरांनी तिला पाहिलं आणि चोरी पकडलेल्या पोरासारखी मान खाली घातली. ती आपल्या रांगेत त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि त्यांचं मत खोडायला पुढं सरकू लागली.