मिलेनिसकडचं शंभरावं गाणं

बासुर्तोच्या बाजारात बर्फवाल्याने थांबायचं नसतं. थांबला की मालाचं पाणी होतं, आणि पाणी त्या बाजारात आधीच नको तितकं आहे. तरीही एका गुरुवारी सकाळी एदेर कासियानीच्या हातगाडीचं चाक मिलेनिसच्या टपरीसमोरच्या खड्ड्यात अडकलं, आणि तो थांबला. चाक दोन मिनिटांत निघालं. तो मात्र तिथेच उभा राहिला.

टपरी कसली, वर ताडपत्री, खाली एक जुना संगणक, दोन भोंगे आणि खुर्चीत मान खाली घालून बसलेली मिलेनिस. दुकान तिच्या उबाल्दो मामाचं. लोक फोन आणून द्यायचे, ती त्यात गाणी भरून द्यायची.

"एक गाणं हवंय," एदेर म्हणाला.

"एक नाही मिळत. शंभरांचा दर आहे."

"मग शंभरांचे पैसे घे. एक आत्ता दे. नव्याण्णव तुझ्याकडे राहू देत, येऊन नेईन."

"आणि नाही आलास तर?"

"न येणाऱ्यातला दिसतो का मी?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. खांद्यावर ओलं गोणपाट, पापण्यांवर बर्फ झाकायच्या भुशाचे कण, आणि त्यांखालचे डोळे... नाही, न येणाऱ्यातला दिसत नव्हता.

"बर्फ वितळतोय तुझा," ती म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

तेव्हापासून दर गुरुवारी तो एक गाणं न्यायचा. एकच. निवडायला मात्र अर्धा तास लावायचा. गाडीखालून पाण्याची धार लागायची आणि पलीकडून मासळीवाली ओर्फेलिना ओरडायची, की तुमची गाणी होऊ द्या सावकाश, माझे मासे काय, गेलेच आहेत, अजून थोडे जातील. मिलेनिसचे कान लाल व्हायचे. एदेरचे झाले तरी कळायचे नाहीत, कारण त्याच्या डोक्यावर कायम ओला रुमाल असायचा.

आता त्या दुकानातली एक गोष्ट सांगायला हवी. लोकांचे फोन छोटे आणि हौस मोठी. चाळीस एमबीचं गाणं जसंच्या तसं भरलं तर दहा गाण्यांत फोनचं पोट भरतं. म्हणून मामाने संगणकावर एक सोय करून घेतली होती, तिला तो 'गिरणी' म्हणायचा. जमलेली गाणी एकदम गिरणीत टाकायची, की ती दळून बारीक होऊन बाहेर पडायची. चाळीसचं चार. गाण्याआधीचं बोलणं, टाळ्या, खोकले, सगळं गिरणी आपणहून कापून टाकायची. "बोलणं ऐकायला कोण पैसे देतंय?" मामा म्हणायचा. बारीक झालेल्या गाण्याची एक प्रत दुकानात राहायची आणि मूळचं जड गाणं पुसलं जायचं, कारण संगणकाचं पोटही काही मोठं नव्हतं.

आणि जाता जाता गिरणी प्रत्येक गाण्यावर शिक्का मारायची. हा शिक्का आवाजाचा. बाजारातल्या सगळ्याच टपऱ्यांचा असतो, म्हणजे गाणं कुठेही वाजलं तरी कळतं कुणाकडचं ते. मामाच्या दुकानाचा शिक्का होता मिलेनिसच्या आवाजात. तीन वर्षांपूर्वी मामाने तिला लाडीगोडी लावून, अंडं भरलेली मक्याची आरेपा खाऊ घालून तो बोलून घेतला होता. "मिलेनिसकडचं गाणं आहे हो, दुसरीकडे शोधू नका!" असा ठसक्यात, हसत, लांबवलेल्या 'हो'सकट. एरवी बसमध्ये थांब्याचं नाव सांगतानाही जिचा आवाज फुटायचा नाही, तिचा हा आवाज अख्ख्या शहराच्या खिशात वाजत होता. तिला त्याची लाज वाटायची.

"तुझ्यापेक्षा तुझा शिक्का बोलका आहे," एदेर चिडवायचा. "त्याच्याशीच लग्न करावं म्हणतो."

"कर की. चार सेकंदांचा संसार."

"चार तर चार. मी दर गाण्याला करीन."

असं दोन वर्षं चाललं. नव्याण्णव गाणी झाली. नव्याण्णवावं निवडायला पाऊण तास लागला आणि घाई दोघांनीही केली नाही, कारण हिशेब दोघांनाही पाठ होता.

नोव्हेंबरच्या जत्रेआधीच्या गुरुवारी एदेर आला तो गाडी रस्त्यातच सोडून पुढे आला आणि फोन तिच्या हातात ठेवला.

"शंभरावं तुझ्याकडचं नकोय. हे माझ्याकडचं आहे. फार जड आहे, अर्धा फोन यानेच खाल्लाय, आणि आईच्या जुन्या फोनवर वाजत नाही. बारीक करून दे." मग आवाज खाली आला. "पण त्याआधी तू ऐक... अगदी पहिल्यापासून. एकटी असताना. ऐकशील?"

"ऐकेन."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

आणि तिला खरंच ऐकायचं होतं. पण जत्रेचा आठवडा. समोर वीस माणसं, प्रत्येकाला नाचायची गाणी आत्ताच्या आत्ता हवीत, मामा मागून "हात चालव, हात चालव" करतोय, भोंगे कोकलताहेत. कानाला लावून ऐकावं म्हटलं तर स्वतःचं नावही ऐकू येईना. तिने ते गाणं इतर साठांबरोबर गिरणीत ढकललं. बारीक झालेलं नंतर ऐकू, गाणं तेच आहे, असा विचार केला. बारीक झालेलं त्याच्या फोनमध्ये भरून ठेवलं, आणि ऐकायचं राहूनच गेलं.

दुपारी तो फोन न्यायला आला. रुमाल काढलेला होता, केस विंचरलेले होते.

"ऐकलंस?"

नाही म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना. शब्द दिला होता आणि मोडला होता, आणि तो तर कपडे बदलून आला होता. लाज माणसाला खरं बोलायला लावते असं म्हणतात. मिलेनिसच्या लाजेने उलटंच केलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "छान आहे."

"छान?"

"हो... छान आहे गाणं."

मग मान हलवून त्याने फोन खिशात घातला, "बरं" म्हणाला आणि निघाला. गाडी ओढताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी बर्फ दुसऱ्याच माणसाने आणला. त्याच्या पुढच्याही. ओर्फेलिनाने दोन दिवस दम धरला आणि मग मासे कापता कापता विचारलंच, की पोराला काय बोललीस? हल्ली तो पहाटेच येऊन जातो, तुझी टपरी उघडायच्या आत. मिलेनिस म्हणाली, काही नाही बोलले, फक्त गाणं बारीक करून दिलं.

"कुठलं? त्याच्या आईचं?"

"आईचं?"

ओर्फेलिनाने सुरी खाली ठेवली. तिने सांगितलं ते असं. एदेरची आई देल्फिना, मानाने सगळे तिला दोन्या देल्फिना म्हणायचे, ढोलावरची गाणी म्हणायची. ती उभी राहिली की गल्ली गोळा व्हायची. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पुटपुटण्यापुरताही राहिला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एदेरने फोन पुढ्यात धरून तिचं एक गाणं भरून घेतलं होतं. "तेवढीच उरलीय ती बोलणारी," ओर्फेलिना म्हणाली. "जीव की प्राण आहे ते त्याला. हात लावू देत नाही कुणाला."

मिलेनिस टपरीत परतली. भोंगे बंद केले. दुकानातली प्रत काढून कानाला लावली.

श्वास घेण्याआधीच गाणं सुरू झालं. जुना, जाड, गोड आवाज, मागे टाळ्या. आणि पाचव्याच सेकंदाला त्या आवाजावर दुसरा आवाज येऊन आदळला. ठसक्यात. हसत. "मिलेनिसकडचं गाणं आहे हो, दुसरीकडे शोधू नका!"

गिरणी काय काय कापलं याची नोंद ठेवते. तिने ती उघडली. त्या गाण्यापुढे लिहिलं होतं: सुरुवातीचं बोलणं, एक्केचाळीस सेकंद, काढलं.

मूळचं कुठेच नव्हतं. फोनवरून तिने ते मागे प्रत न ठेवता उचलूनच आणलं होतं, रोजच्या सवयीने, जागा व्हावी म्हणून. पलीकडच्या दुरुस्तीवाल्याने संगणक दोन दिवस उलटापालटा केला आणि हात झटकले. एका बाईने आयुष्यात शेवटचे म्हणून बोललेले शब्द तिने कचऱ्यासारखे झाडून टाकले होते, आणि वर "छान आहे" म्हणाली होती. मिलेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पहाटे येऊन जातो ते बरंच, असं एकदा मनात आलं, आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली.

रविवारी ती ओलायाच्या, म्हणजे एदेरच्या वस्तीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. ड्रायव्हरने गाणी लावली होती आणि दर गाण्यात तिचाच आवाज. मागच्या बाकावरची पोरं त्याच्याबरोबर सुरात ओरडत होती, दुसरीकडे शोधू नका! ती खिडकीकडे तोंड करून बसली. दोनदा उतरून परत जावंसं वाटलं, पण उतरली ती शेवटच्या थांब्यालाच.

दोन्या देल्फिना दारातल्या बाकावर युकाचे कंद सोलत बसली होती. गळ्याला पांढरा रुमाल. आतून एदेर आला आणि मिलेनिसला बघून उंबऱ्यातच थांबला.

"तुला यायची गरज नव्हती," तो म्हणाला. "मला कळलं ते. मी काही रागावलेलो नाही."

"काय कळलं?"

"तू ऐकलंस... आणि छान म्हणालीस. पुरे झालं ना."

"मी ऐकलं नव्हतं," मिलेनिस म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा फुटला नसता. "खोटं बोलले. गर्दी होती, मी ते न ऐकताच गिरणीत टाकलं. सुरुवातीचं सगळं बोलणं कापलं गेलं, एदेर. वर माझा शिक्का बसला. मूळचं पुसलं गेलं. खूप शोधलं... नाही मिळत. गाणं आहे, बोलणं गेलं."

एदेरने खिशातून फोन काढला. इतक्या दिवसांत त्याला ते लावायचा धीर झाला नव्हता, हे तेव्हा तिला कळलं. आताही त्याचं बोट बटणावर जाईना.

"तो बोलण्यातला आवाज होता तिचा," तो म्हणाला. "गाताना ती सगळ्यांची असते. बोलताना..." आणि तो भिंतीकडे वळला. त्याची पाठ हलत होती. मिलेनिसला कळेना, पुढे जावं की निघून जावं. ती जागीच उभी राहिली, सुंभासारखी.

दोन्या देल्फिनाने हात पुसले आणि पुढे केला. म्हणजे, फोन दे. एदेरने मान हलवून नाही म्हटलं. तिने सुरीच्या मुठीने बाकावर टकटक केलं, तसा त्याने दिला.

गाणं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार... "मिलेनिसकडचं गाणं आहे हो, दुसरीकडे शोधू नका!"

मिलेनिसने डोळे मिटून घेतले. जमीन दुभंगली असती तर ती आनंदाने आत गेली असती. पण कुणी रागावल्याचं काही ऐकू येईना, म्हणून तिने डोळे उघडले, तर दोन्या देल्फिना हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी. तिने सुरुवात पुन्हा लावली आणि पुन्हा हसली. मग फोनकडे बोट दाखवलं, मिलेनिसकडे दाखवलं आणि मुलाकडे बघून भुवया उंच केल्या.

एदेर बाहीला डोळे पुसत वळला.

"काय म्हणाल्या होत्या त्या?" मिलेनिसने विचारलं. "त्या एक्केचाळीस सेकंदांत?"

"जाऊ दे."

दोन्याने पुन्हा टकटक केलं.

"सांगतो, सांगतो." तो जमिनीकडे बघत बोलू लागला. "म्हणाली होती, हे गाणं त्या पोरीसाठी, जिच्यापायी माझा गाढव दर गुरुवारी बर्फाचं पाणी करून घरी येतो. मी तिला बघितलेलं नाही, आवडली आहे मात्र. उद्यापासून मला विचारता येणार नाही, म्हणून आज विचारते..." तो थांबला. "मला वाटलं होतं, हे आईच सांगेल तुला. माझ्याच्याने झालं नसतं. दोन वर्षांत झालं नाही."

"काय विचारलं त्यांनी?"

"नाव काय तिचं. मी लाजलो. सांगितलंच नाही. मग ती हसली आणि गायला लागली."

मिलेनिसला हळूहळू उमगलं. जिथे प्रश्न होता तिथे आता तिचाच आवाज होता, मोठ्याने, बाजारी, उत्तर देत. ते एक्केचाळीस सेकंद गेले ते गेलेच, कुठली गिरणी ते परत देणार नव्हती. लाजही जाणार नव्हती, ती राहणारच होती, बरीच वर्षं. पण बाकावरची बाई आता तिच्याकडे बघत होती, भुवया तशाच उंच. शिक्क्याचं उत्तर तिला पुरेसं नव्हतं.

"मिलेनिस," ती म्हणाली. हळू, जेमतेम ऐकू जाईल इतक्या तिच्या खऱ्या आवाजात. "माझं नाव मिलेनिस, दोन्या. आणि त्याने विचारलं तर... मी हो म्हणेन."

"विचारतोय," एदेर म्हणाला.

दोन्या देल्फिनाने युकाची पाटी मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून जागा केली.